माकुणसारचा भोंगा

आमच्या जनार्दनला कुजबुजता येत नसे. गुपित सांगायला तो कानाशी तोंड आणायचा आणि ते विहिरीवरच्या बायकांनाही ऐकू जायचं. शाळेत असतानाच त्याचं नाव भोंगा पडलं आणि ते इतकं चिकटलं की लग्नात भटजींनीही चुकून तेच घेतलं. त्यावर मांडवात सगळ्यात मोठ्यानं नवरदेवच हसला होता.

भात कापून शेतं मोकळी झाली की सफाळ्याला सिनेमाचा तंबू लागायचा. भोंगा, मी आणि एडवणचा पद्माकर असं आमचं त्रिकूट ठरलेलं. पद्माकरच्या घरच्यांची मासेमारीची बोट होती, त्यामुळे त्याच्या खिशातून सुक्या बोंबलाचा वास यायचा आणि तंबूत आमच्या शेजारी फारसं कुणी बसत नसे. आम्ही दोघं पडद्याकडे बघायचो. भोंगा गाणं लागलं की डोळे मिटून घ्यायचा. "पिक्चर डोल्यांनी बघतो तो येडा," तो म्हणायचा. "डोले मिटा, निसता ऐका. मग कलतं हिरो खरा रडतो का खोटा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंग्याच्या वाडीत उकडहंडी लागायची. मडक्यात पापडी, रताळी, कोनफळ आणि ओवा भरून, वर पाला कोंबून ते उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. हंडी शिजेपर्यंत भोंगा कालचा सिनेमा सांगायचा. नुसता सांगायचा नाही, वाजवायचा. व्हायोलिन तोंडानं, ढोलकी मांडीवर, पाऊस जिभेनं. ज्यांनी तो सिनेमा पाहिला होता तेही ऐकायला येऊन बसायचे. आमच्या गावातल्या थंडीत सुख म्हणावं असं जे काही होतं, ते त्या विस्तवाभोवती होतं.

मग बोईसरला कारखाने वाढले आणि भोंगा एका कारखान्यात लागला. तिथं पत्र्याचे ड्रम बनत. दिवसभर मशिनी पत्रा ठोकायच्या आणि माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायची. "मी एकटाच असा हाय," तो ऐटीत सांगायचा, "मशिनीच्या वर माझा आवाज जातो." पहिल्या बोनसमधून त्यानं टेपरेकॉर्डर घेतला. आता हंडीजवळ गाणी वाजू लागली, आणि भोंगा त्यांच्याबरोबर, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं गाऊ लागला. तो दिवसेंदिवस आवाज वाढवत होता. आम्हाला वाटायचं, नव्या टेपची हौस आहे.

एका मार्गशीर्षातली संध्याकाळ मी विसरू शकत नाही. हंडी नुकतीच फोडली होती, टेप चालू होता. भोंगा त्या दिवशी गात नव्हता. पाठ टेकून, डोळे मिटून, गुडघ्यावर ताल धरून बसला होता. टेपचे सेल संपत आले, गायिकेचा आवाज जाड होत होत पुरुषासारखा झाला, घरघरला आणि बंद पडला. पद्माकर हसत म्हणाला, "बाईंना झोप लागली."

भोंग्याचा हात गुडघ्यावर चालूच होता.

तो मान डोलवत होता. मध्ये एक जागा आली असावी, तिथं त्यानं "व्वा" म्हटलं. आमचं हसू गेलं. त्याची बायको सुमनवहिनी पापडीची ताटली घेऊन आली होती, ती जागच्या जागी थांबली. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, तर आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

"काय झाला?" त्यानं विचारलं.

पद्माकरनं टेपकडे बोट केलं. भोंग्यानं टेप उचलला, थांबलेली चाकं बघितली आणि तो खाली ठेवला. "मना वाटला, हलू लावलाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "कानात कारखाना चालतो रे. सुट्टीच्या दिवशी पन चालतो. गानी मी आठवून आठवून ऐकतो."

मी त्याला पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेलं परत येत नाही, उरलंय ते जपा, काम बदला, असं ते म्हणाले. त्यानं खातं बदलून मागितलं. त्याचा सुपरवायझर म्हणाला, "आवाज तो होगा ही. यहाँ भजन थोड़ी चल रहा है." हे सांगताना भोंग्यानं त्याची हुबेहूब नक्कल केली आणि आम्हीही हसलो. दोन पोरी शाळेत होत्या. तो त्याच खात्यात राहिला.

पुढच्या हिवाळ्यांत तो वाडीत बसेनासा झाला. हंडीसाठी पापडी निवडून द्यायचा, पेंढा आणून टाकायचा आणि घरात जायचा. मी एकदा हात धरून त्याला बसवलं. त्यानं हात सोडवून घेतला. "तुमी माझ्यासाठी ओरडून बोलता," तो म्हणाला. "मग ती गोष्ट ऱ्हात नाय, भांडन होते." हे तो इतक्या हळू म्हणाला की मला पुढे झुकावं लागलं. आपला आवाज किती मोठा आहे, हे त्याला कळत नव्हतं. त्यामुळे तो आता भीत भीत बोलायचा.

पौषातल्या एका सकाळी दाट धुकं होतं. पहिल्या पाळीला निघालेला भोंगा, सगळेच ओलांडायचे तसे, सफाळ्याला रूळ ओलांडत होता. मुंबईकडून न थांबणारी गाडी आली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्यावर चादर घातली होती आणि डबा बाजूला खडीत पडला होता. जमलेल्यांतला एक जण पुन्हा पुन्हा म्हणत होता, "शिटी केवढी मारली ड्रायव्हरनं! ऐकली कशी नाय यानं?" पद्माकर त्याच्या अंगावर धावून गेला. मी त्याला मागं ओढलं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, त्याला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी हंडी लावायची नाही असं आम्ही ठरवलं. माघ सरता सरता सुमनवहिनी स्वतः माझ्या दारात आली. "हंडी लावा," ती म्हणाली. "पोरींना कलू दे, गाना कसा असतो. आमच्या घरात किती वर्सं कोन गायला नाय. गायला की तो तोंडाकडं बघत बसायचा, मग आमालाच नको वाटायचा."

आम्ही हंडी लावली. खाणं झाल्यावर पद्माकर थोरल्या मंगलला म्हणाला, "म्हण गं एखादं." ती लाजली, मग तिनं आईकडे बघितलं आणि सुरुवात केली. गळा चांगला होता. पण ती प्रत्येक शब्दाला ओठ मोठे करत होती, शब्द पुरता दिसेपर्यंत थांबत होती, आणि गाणं सारखं तालाच्या मागं पडत होतं.

"घरात तसाच बोलायची सवय हाय तिला," वहिनी हळूच म्हणाली. "बाबाला दिसाया पायजे ना."

पद्माकर विस्तव सारखा करायच्या निमित्तानं उठून गेला. मंगलला कुणी थांबवलं नाही. तिनं अख्खं गाणं तसंच म्हटलं.