पेशगी

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, आम्ही गाडी लीजवर घेतली," आणि तिचा हप्ता कसा काढतात ते मला समजावू लागलात. मी ऐकून घेतलं. पण माझ्या कानात बेंबळीच्या गिरणीचं इंजिन सुरू झालं होतं.

मराठवाडा महाराष्ट्रात येण्याच्या थोडं आधीची गोष्ट. तुमचे आजोबा बेंबळीच्या शाळेत मास्तर. त्यांची धाकटी बहीण, माझी नणंद, त्याच गावात दिलेली. तिचे यजमान अकाली गेले. तिचे थोरले दीर तामलवाडीहून येऊन "आता आमच्याकडं चल" म्हणून सांगून गेले. तिला आपलं घर सोडायचं नव्हतं. भाड्यानं तेलाचं इंजिन घेऊन ओसरीत पिठाची गिरणी घालायची, असं तिनं मनाशी धरलं होतं. दळणातून खर्च आणि पोट भागून वर्षाला फार तर पाचशे रुपये सुटतील, असा तिचा अंदाज.

उमरग्याचे एक शेठजी इंजिनं भाड्यानं देत. पाच सालं भाडं भरायचं, मग नारळ दिला की इंजिन आपलं. ते घरी आले, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "किंमत दोन हजार. शेकडा नऊनं पाच सालांचं व्याज नऊशे. सालाला पाचशे ऐंशी."

नणंदेचा चेहरा उतरला.

हैदराबादेत मी गणित घेऊन बी.ए. केलेलं. आतून व्याजाच्या तक्त्यांचं पुस्तक आणलं. "शेठजी, रक्कम दर साली फिटत जाणार. मग सगळ्या दोन हजारांवर पाचही वर्षं व्याज कसं?"

पुढच्या वर्षी हातात येणारा रुपया आजच्या रुपयाएवढा मोलाचा नसतो. पाच वर्षं, दर वर्षअखेर एकेक रुपया मिळणार असेल, तर नऊ टक्क्यांनी त्या पाचांचं आजचं मोल चाराहूनही थोडं कमी. तो आकडा तक्त्यातून घेऊन मी दोन हजारांना भागलं. पाटीवर पाचशे चौदा आले.

शेठजींनी मान डोलावली. "हिशेब कबूल. पण आमच्याकडं उधारी न्हाय. भाडं पेशगी! पाडव्याला इंजिन उतरलं की पहिलं साल हातावर, मगच चाक फिरंल." पेशगी म्हणजे आगाऊ, निजामाच्या अमदानीपासून सगळ्यांच्या तोंडी बसलेला शब्द.

"पहिल्या सालाला माझ्या पाटल्या हायत, वहिनी," नणंद हळूच म्हणाली. "पण हर साल ते वरचे चौदा कुठनं आणू?"

मी पाटी पुसली. "शेठजी, पेशगी नक्की ना?"

"नक्की म्हंजे? जबान हाय आपली."

"मग पहिलं भाडं त्याच दिवशी तुमच्या खिशात, त्यावर व्याज नाही. बाकीची चारही एकेक साल आधी येणार, म्हणजे प्रत्येक भाड्यातून एका सालाचं व्याज सुटलं. झाले चारशे बहात्तर."

शेठजींनी बोटांच्या पेरांवर हिशेब मोजून पाहिला.

"अजून एक कप घेता?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"नको मास्तर. तुमच्या घरात बोलायची चोरी झाली. लिहा चारशे बहात्तर."

पाडव्याला इंजिन बैलगाडीतून आलं. त्याची पुक-पुक शाळेपर्यंत ऐकू यायची आणि पोरांची पाढ्यांची लय तिच्यावर जाऊन बसायची.

त्या उन्हाळ्यात दीर पुन्हा तिला न्यायला आले, सोबत ज्वारीचं पोतं घेऊन. नणंदेनं पोतं उतरवून घेतलं आणि पिठानं पांढरा झालेला हात पुढं केला.

"भाऊजी, इथं पेशगी लागती."

ते हसले, पैसे दिले, आणि पीठ घेऊन एकटेच तामलवाडीला गेले.