तांब्यावरचा हिरवा थर

आम्ही रियाधला राहतो; बाबा तिथल्या बत्हा भागातल्या एका खाणावळीची व्हॅन चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुढच्या वर्षी अकाउंटिंग घ्यावं की पुरातत्त्व, हे त्या आठवड्यात कळवायचं होतं. मला पुरातत्त्व हवं होतं, पण घरी तसं म्हणायचा धीर होत नव्हता.

आमचा पुरातत्त्वाचा वर्ग ताइफच्या वाटेवर, वाळवंटातल्या एका जुन्या तांब्याच्या भट्टीवर काम करत होता. विद्यार्थ्यांच्या घरच्यांना ती दाखवायचा दिवस ठरला, तेव्हा मी आई-बाबांना घेऊन गेले.

शेकडो वर्षांपूर्वी इथे डोंगरातला दगड वितळवून तांबं काढत. आता दगडी भट्ट्यांचे बुंधे उरलेत आणि धातू गाळून उरलेल्या काळ्या मळीचे ढीग. ढिगांवर कुणी चढू नये म्हणून आम्ही दोर बांधले होते.

"म्हणजे कचराच की," बाबा म्हणाले.

"हो, बहुतेक कचराच. पण त्यात कोळसा अडकलाय. इथे कुठली झाडं जाळली, ते त्यावरून कळतं. म्हणजे कळू शकतं."

"खाणावळीचा कचरा दोन दिवस राहिला तर दंड होतो. तुम्ही दोर बांधता."

आमच्या बाईंनी एका ट्रेमध्ये तांब्याचे तुकडे मांडले होते. बाई दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या आणि आईने डब्यातली लिंबाची फोड काढली. ती एका तुकड्यावर टेकवणार, एवढ्यात मी तिचं मनगट धरलं.

"आई, नाही. तो हिरवा थर राहू दे. घासलास तर त्या तुकड्याची सगळी हकिकतच जाईल."

"अगं, किती कळकलंय. असं भांडं मी ठेवलं असतं तर तुझ्या आजीने पाणीसुद्धा घेतलं नसतं माझ्या हातचं."

"आजीला मी सांगेन. फोड आत ठेव."

आईने फोड डब्यात टाकली.

परतताना गाडीत ती बाबांना म्हणाली, "पाहिलंत? चहा की कॉफी विचारलं तरी हिला ठरवता येत नाही. आज माझा हात धरला."

"पाहिलं ना. मग हे पुरातत्त्वच घे गं," बाबा आरशातून बघत मला म्हणाले. "नोकरी मिळेल ना पण यात?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "मला तरी इकडे येताना कुठे काय माहीत होतं."