कमी उजेडाची काडतुसं

नेमबाजीच्या रेंजवरचे दिवे मंद झाले की माझ्या छातीत अजून धस्स होतं. वाईट काहीच घडलं नाही, तरी होतं.

ब्रेकचे पार्ट तपासणं हे माझं काम. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या कंपनीत तपासणीची चिठ्ठी नसलेला पार्ट मी परत पाठवतो, मग पाठवणारा कोणीही असो. लोक मला खडूस म्हणतात आणि ते बरोबरच आहे. काकांपुढे मात्र हा खडूसपणा मी गुंडाळून ठेवला.

काका दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तळघरात बसून पिस्तुलाची काडतुसं स्वतःच्या हाताने भरायचे. मी आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी मुलगी दर गुरुवारी नेमबाजीला जायचो. कमी उजेडातल्या सरावासाठी त्या दिवशी तिथे दिवे मुद्दाम मंद ठेवतात. विकतच्या काडतुसांचा जाळ त्या अंधारात असा डोळ्यांवर येतो की क्षणभर टार्गेटच दिसत नाही. काकांनी त्यावर उपाय शोधला. चटकन जळणारी, थोडीशीच लागणारी बंदुकीची दारू. तिचे त्यांनी पन्नास-पन्नास काडतुसांचे दोन डबे भरले आणि पहिला मुलीने एका बैठकीत संपवला. जाळ जवळजवळ दिसलाच नाही. मागे खुर्चीत बसलेल्या काकांनी तिचा स्कोअर मला तीनदा विचारला, दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा. मी तिन्ही वेळा हसून सांगितला.

पंधरा दिवसांत काका झोपेतच गेले. काकूंनी उरलेला एक डबा आणि त्यांची काडतुसं भरायची हत्यारं मला दिली.

दुसऱ्याने भरलेली काडतुसं उडवू नयेत, हे रेंजवर पहिल्याच दिवशी शिकवतात. पण काकांच्या हयातीत, तुम्ही नीट तपासलंत ना, असं त्यांना विचारायची माझी जीभ रेटली नाही. मोठ्या माणसाच्या हातावर शंका कशी घ्यायची? आता मुलीची मॅच आली होती आणि तिला काकांचाच डबा हवा होता. टेबलावर एकीकडे तो डबा, दुसरीकडे विकतचा. काकांचं ते तीनदा स्कोअर विचारणं मला एकदम आठवलं.

रविवारी दुपारी एकेक काडतूस सोडवायला बसलो. काकांचं हातोडीसारखं एक हत्यार होतं. त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते आणि दारू बाहेर येते. ती मी त्यांच्याच काट्यावर तोलत गेलो. चाळीस काडतुसं अगदी बरोबर निघाली. काय हात होता, असं वाटून मला रडू आलं. एकेचाळिसाव्यात दारू दुप्पट होती. मुळात थोडीशीच लागते म्हणून दुसरं मापही काडतुसाच्या पुंगळीत बिनबोभाट मावलं होतं. ते उडालं असतं तर पिस्तूल मुलीच्या हातात फुटलं असतं.

काकूंना फोन केला. आडून आडून विचारलं, डबे कधी भरले होते.

"दोन्ही एकाच दुपारी," त्या म्हणाल्या. "मध्येच वर आले आणि मला म्हणाले, बाई, तुम्ही कोण? मी पाणी दिलं, तर पुन्हा खाली जाऊन बसले. कुणाला सांगितलं नाही रे. त्यांना कमीपणा आला असता."

काकूंना मी एकेचाळिसाव्याबद्दल काही बोललो नाही. मुलीने उडवलेला तो पहिला डबा मात्र तेव्हापासून मनातल्या मनात मी पुन्हा पुन्हा उडवतो. चाळीसच्या पुढे गेलो की पुन्हा एकपासून मोजतो.

गुरुवारी मुलगी विकतच्या काडतुसांनी खेळली आणि हरली. गाडीत चिडून म्हणाली, "बाबा, व्हाय डिडन्ट यू ब्रिंग काकाज् बॉक्स?" मी सगळं खरं सांगितलं. हायवे सोडून घराकडे वळलो तेव्हा तिने विचारलं.

"काका विसरायला लागले होते, हे मी पहिला डबा उडवला तेव्हा तुला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.