रत्नाबाई आणि परवाचा हामूर

रत्नाबाई बहरीनमध्ये, मनामाच्या मासळीबाजारात शिरताना दिसल्या, की निम्मे मासेवाले अल्लाचं नाव घेत आणि उरलेले निम्मे घाईघाईने माशांवर बर्फ लोटत. बाई देवगडच्या. आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची आणि लेक पाच वर्षांची असल्यापासून तिच्या पदराला धरून मागे. अक्षरओळख सहीपुरती, पण मासा कधी मेला, कसा मेला आणि मेल्यावर किती हातांतून फिरला, हे बाई उभ्याउभ्या सांगत. बोटाने कल्ला वर करायचा, एकदा डोळ्यात बघायचं, पोटावर अंगठा दाबायचा, खलास. "परवाचो आसा," म्हणायचं आणि पुढच्या पाटाकडे वळायचं. मासेवाल्याने अरबीत शपथा घातल्या तर त्याला मालवणीत उत्तर मिळे, आणि एक शब्द न कळता तो भाव उतरवी.

आईने लेकीला शिकवण दिली होती ती एकच. "नवऱ्याशी खोटा बोल, सासवेशी बोल, देवाशी बोललंस तर तो बघून घेयत. पण माशाबद्दल खोटा बोला नको." बाकी तीन सवलती रत्नाबाईंनी मनसोक्त वापरल्या. चौथी गोष्ट मात्र त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती.

एकोणऐंशी साली त्या नवऱ्यामागून बहरीनला आल्या. महादेव एका बांधकाम कंपनीच्या तुबलीतल्या वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर होता. उम्म अल हस्सम वस्तीत एक खोली, मोरी आतच, आणि खिडकीत एक एसी जो गार कमी करायचा आणि गुरगुरायचा जास्त. दोन वर्षांत आसपासच्या मराठी घरांची मासळी रत्नाबाईंच्या बोटावर चालू लागली. कंपनीचे अकाउंटंट गुरुप्रसाद पुण्याचे, पक्के शाकाहारी. पण त्यांची बायको हेमा गिरगावची, तिला दर शुक्रवारी मासा लागे. तो रत्नाबाई निवडून देत. हेमा तळत असताना गुरुप्रसाद नाकाला रुमाल लावून गॅलरीत वर्तमानपत्र वाचत, तरीही या बाईंचा डोळा कधी चुकत नाही ही गोष्ट त्यांनी हिशेबी माणसासारखी टिपून ठेवली होती.

आता महादेवबद्दल सांगायला हवं. त्याचं घराणं मूळचं दर्यावर्दी; पण बाप फोंड्याच्या लाकडाच्या वखारीत चिकटला आणि पोरगा होडीऐवजी ट्रकमध्ये वाढला. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला, तेव्हा तिघा मेव्हण्यांनी त्याला कौतुकाने होडीत घातला. खाडीचं तोंड ओलांडायच्या आत जावयबापूंनी नव्याकोऱ्या जाळ्यावर सकाळची घावनं, चटणी आणि चहा, सगळं परत केलं. मेव्हण्यांनी त्याला खांद्यावर टाकून किनाऱ्यावर आणला आणि वाळूत ठेवला. सगळा किनारा पोट धरधरून हसला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'ओकरे भावोजी'.

बारा वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. देवगडहून पत्र आलं की त्यात एक ओळ ठरलेली: तिकडचा समुद्र भावोजींच्या पोटाला मानवतो ना? पत्र महादेवच मोठ्याने वाचून दाखवायचा, कारण बायकोला वाचता येत नसे. ती ओळ तो गाळायचा. पण ती ओळ आली की त्याचे कान लाल व्हायचे, त्यावरून रत्नाबाईंना ती बरोबर कळायची.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात कंपनीची मासेमारीची स्पर्धा लागली. ती दरवर्षी जुफैरला समुद्राकाठच्या क्लबात व्हायची. नियम सोपा: सकाळी सहाला होड्या सुटणार, दुपारी चारला परत, मासा गळानेच पकडलेला हवा आणि त्याच दिवसाचा, ज्याचा एक मासा सगळ्यांत वजनदार तो जिंकला. जिंकणाऱ्याला चषक, मोठ्या साहेबांशी हस्तांदोलन, आणि मासा हातात धरून फोटो. मोठे साहेब इंग्रज, त्यांना दारूपेक्षा गळ प्यारा. पण मागच्या वर्षी एका बहाद्दराने माशाच्या पोटात शिशाचे गोळे कोंबून पहिला नंबर मारला, आणि ते उघडकीला आलं स्वयंपाक्याचा सुरा खणकन वाजला तेव्हा. साहेबांची लाज गेली. स्पर्धेचे सेक्रेटरी होते गुरुप्रसाद, कारण हिशेब लिहिणारा माणूस प्रामाणिक असतो असा साहेबांचा गोड समज होता.

गुरुप्रसाद रत्नाबाईंच्या दारात आले. "तुम्ही परीक्षक व्हायचं. मासा आजचा की कालचा, एवढंच सांगायचं. पण कुणाला कळता कामा नये, नाहीतर लोक आधीच तुमच्या घरी डबे घेऊन येतील. महादेवलासुद्धा सांगायचं नाही."

"ह्येंका कित्याक सांगूचा? ह्येंका मासो म्हटलो की पोटात ढवळता," रत्नाबाई म्हणाल्या. पण आतून त्या इतक्या फुगल्या होत्या की त्या रात्री आमटीत दोनदा मीठ पडलं.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात महादेवने स्पर्धेत नाव दिलं होतं. बायकोला न सांगता. बायकोला सांगितलं असतं तर तिने डोळ्याला पदर लावून हसायला सुरुवात केली असती, अशी त्याची खात्री होती. यादीत त्याचं नाव गुरुप्रसादनी वाचलं होतं, पण नवरा-बायकोचं गुपित त्यांनी एकमेकांना फोडलं नाही. त्याला चषक नको होता, साहेबाचा हातही नको होता. त्याला तो फोटो हवा होता. मासा हातात, पाय होडीत, आणि फोटो थेट देवगडला, तिघा मेव्हण्यांच्या नावाने, रजिस्टर पोस्टाने.

शुक्रवारी पहाटे महादेव म्हणाला, "माका आज ओव्हरटाइम आसा." रत्नाबाई म्हणाल्या, "मी हेमाकडे पापड लाटूक जातंय." नोव्हेंबरात, शुक्रवारी, पुणेकराच्या घरी पापड! पण महादेवच्या स्वतःच्या पोटात इतकं खोटं होतं की दुसऱ्याचं ओळखायला जागाच नव्हती. बाईंनी त्याला डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली, आणि दुपारी लग्नातली हिरवी साडी नेसून क्लबाची वाट धरली.

तिथे त्यांना साहेबांच्या रांगेत खुर्ची होती. खुर्चीला गादी होती! समोर टेबल, टेबलावर पांढरा कपडा, मधोमध काटा. बायका गॉगल लावून बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने रत्नाबाईंना पाणी आणायला सांगितलं, तेव्हा गुरुप्रसाद घाईने म्हणाले, "मॅडम, शी इज द जज." बाईंना एवढं इंग्रजी बरोब्बर कळलं. त्यांनी गादीवर जरा ऐसपैस बूड टेकलं.

चारच्या सुमाराला होड्या परतल्या. एकेकाचा मासा टेबलावर येऊ लागला. बाई कल्ला उघडत, डोळा बघत, अंगठा दाबत. "आजचो." "आजचो." एका इंजिनियरचा मासा बघून म्हणाल्या, "आजचो, पण उन्हात ठेवलास मेल्या," आणि गुरुप्रसादनी भाषांतर करताना शेवटचा शब्द गाळला. कारवारच्या सदानंद टायपिस्टाने चार किलोचा हामूर आणला होता. हामूर म्हणजे आपल्याकडचा गोबरा. सदानंद पहिला आला, असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि तेवढ्यात गर्दीतून आरोळी उठली. कुणीतरी अकरा किलोच्या हामूरचं धूड दोन्ही हातांनी कवटाळून आणत होतं.

तो महादेव होता. तोंड पिवळं पडलेलं, शर्टावर डाग, पण छाती पुढे. त्याने मासा टेबलावर आदळला, मान वर केली, आणि समोर बघतो तर हिरवी साडी.

"तू?"

"तुमी?"

पापड आणि ओव्हरटाइम, दोन्हींचा त्याच क्षणी निकाल लागला. पण गर्दी टाळ्या वाजवत होती, मोठे साहेब उठून उभे राहिले होते आणि फोटोवाला कॅमेरा गळ्यात घालून पुढे सरकला होता. गुरुप्रसाद हलकेच म्हणाले, "बाई, बघा."

बाईंनी बघितलं. बघायची गरजही नव्हती. मासा बर्फात राहून ताठ झाला होता, पोट दबकं, डोळ्यावर साय. कल्ल्याचा रंग वीट झिजावी तसा. नाकाड घासून सोललेलं, म्हणजे गळाला लागलेलाच नाही, तारेच्या पिंजऱ्यात सापडलेला आणि बाजारातून विकत आणलेला. इथले लोक समुद्राच्या तळाला सोडतात त्या गरगुरात मासा बाहेर पडायला धडपडतो आणि नाक तारेवर घासतं. ओठाला गळाचं भोक होतं, पण कोरडं. मेल्यावर टोचलेल्या ओठाला रक्त येत नाही. एवढी अक्कल त्या फोंड्याच्या माणसाला कुठून असणार?

बाईंचा अंगठा माशाच्या पोटावरच राहिला. 'आजचो' म्हटलं की झालं. गुरुप्रसाद माशाकडे बघतसुद्धा नव्हते, रुमालाआडून आकाशाकडे बघत होते. सदानंदला दुसरा नंबर मिळाला असता, आणि दुसऱ्या नंबराने कुणी मरत नाही. फोटो देवगडला गेला असता. भाऊ गप्प झाले असते. पत्रातली ती ओळ थांबली असती, नवऱ्याचे कान लाल व्हायचे थांबले असते. रत्नाबाईंना हे सगळं हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला. आणि घशाखाली परत गेला.

"ह्यो मासो आजचो नाय," त्या म्हणाल्या.

"अगो, मी तुझो घोव!" महादेव दबक्या आवाजात म्हणाला.

"घोव तुमी. मासो परवाचो."

मोठ्या साहेबांनी विचारलं, काय झालं? गुरुप्रसादनी घसा साफ केला. "सर, शी सेज द हजबंड इज ओके. बट द फिश इज फ्रॉम डे बिफोर यस्टरडे."

मग जो हशा उठला! साहेब हसले, गॉगलवाल्या हसल्या, वर्कशॉपचे फिटर तर खाली बसून हसले. महादेवची छाती आत गेली. तो आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला, हात नुसते लोंबत होते, आणि पुढे काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. रत्नाबाईंनी खरं तेच सांगितलं होतं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात महादेवचा नावाडी पुढे आला. नझीर नावाचा म्हातारा बहरीनी, बाजारात राहून राहून मोडकं हिंदी शिकलेला. हसणाऱ्यांवर तो भडकला होता. "क्या हसता? ये आदमी सुबह से उलटी करता. दस बार! मैं बोला वापस चलो, यल्ला. ये बोला, ला, ला, नहीं. दस घंटा बैठा. एक मछली पकडा भी. छोटा. शरम से छुपाया."

"खय लपवलास?" रत्नाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

महादेवने काखेतली पिशवी घट्ट आवळली. बाई टेबलामागून बाहेर आल्या, ती ओढली आणि पोळ्यांचा डबा उघडला. पोळ्या तशाच होत्या, एकही खाल्लेली नव्हती. त्यांच्यावर वीतभर शेरी मासा आडवा पडला होता. बाईंनी करंगळीने कल्ला वर केला. आत लालबुंद. ओठाला गळाचं भोक, आणि भोकाशी साकळलेलं रक्त.

"ह्यो आजचो," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाल्या. "ह्यो आजचो! काट्यार घाला."

गुरुप्रसादनी नियमांचा कागद काढला. "बाई, एकदा बाद झालेल्या स्पर्धकाला..."

"भाऊ, तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा. आजचो की कालचो ता सांगूक तुमी माका बसवलास. चषक सदानंदाक द्या, त्याचो हक्काचो आसा. पण ह्यो मासो जोखल्याशिवाय मी हयसून उठूचंय नाय."

आणि त्या गादीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मोठ्या साहेबांनी गुरुप्रसादकडे बघून होकाराची मान डोलावली. काट्याचा बाण दोनशे वीस ग्रॅमवर थरथरला. गुरुप्रसादनी वहीत 'स्पर्धेबाहेर' असा शेरा मारून आकडा लिहिला. पुन्हा एक-दोघं खिदळले, तेव्हा बाईंनी अशा नजरेने बघितलं की मनामाच्या मासेवाल्यांनीही बर्फ शोधला असता. खिदळणं तिथल्या तिथे थांबलं.

"फोटो काढ," त्यांनी फोटोवाल्याला फर्मावलं, आणि वीतभर मासा नवऱ्याच्या हातात देऊन त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

महादेवने मासा धरला. बायकोकडे न बघता, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तो म्हणाला, "त्या दिवशी वाळूत सगळ्यांत मोठ्यान तू हसलंस."

रत्नाबाईंना बारा वर्षं वाटत होतं, की त्याने ते ऐकलं नव्हतं.

"हसलंय," त्या म्हणाल्या. "चुकला माझा. आता मान वर करा, तो कॅमेरो धरून थांबलोहा."

महादेवने मान वर केली.