कॅम्परमधलं लाल बटण

लग्न करून परदेशात, पार्सिपनीच्या दोन खोल्यांत आलेली ती मुलगी आज माझ्या दारात उभी राहिली, तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. ती मुलगी म्हणजे मीच, पण इतक्या वर्षांनी तिची जबाबदारी घ्यायला मी बांधील नाही. बाईंना स्वतःबद्दल भलतीच खात्री. साडीवर ओव्हरकोट, पायात बर्फाचे बूट आणि तोंडात सतत एकच: बटण बंद करा.

नवरा विजेच्या कंपनीत इंजिनियर. गावंच्या गावं उजळायची आणि अंधारात जायची ती यांच्या ऑफिसातून. अशा माणसाच्या मागे ही बाथरूमच्या दिव्यावरून हिंडायची. विजेचं बिल भाड्यातच धरलेलं आहे, हे यांनी तिला कितीदा सांगितलं. तिचं म्हणणं, बिलाचा काय संबंध, खोलीत माणूस नाही तर दिवा कशाला? रात्री झोपण्याआधी यांनी सगळीकडे फिरून यायचं आणि पलंगाशी उभं राहून हजेरी द्यायची.

"सगळं बंद?"

"सगळं."

"मेन?"

"मेनही."

मेन स्विच तळघरात, मॅनेजरच्या कुलपात. "मेनही" ही यांची थट्टा होती. त्या बयेला ते कित्येक वर्षं खरं वाटत होतं. रोज नवरा तळघरात जाऊन अख्ख्या इमारतीची वीज घालवतो आणि सकाळी कुणी तक्रार करत नाही, यात तिला काही वावगं दिसलं नाही. एम.ए. झालेली होती.

घोरतात ते हे, असंही तिने जाहीर करून टाकलं होतं. यांनी एकदा उशाशी कॅसेट रेकॉर्डर ठेवून पुरावा गोळा केला आणि सकाळी पोहे खाताना टेप लावली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हा खालच्या मजल्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर आहे."

"पहाटे तीन वाजता?"

"असतात काही लोक स्वच्छ."

पुढे आम्ही मुलीजवळ राहायला बॉथेलला आलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अंगाला तारा चिकटवून मला एक रात्र झोपवलं आणि व्हॅक्यूम क्लीनर कुणाचा ते कायमचं ठरलं. झोपेत माझा श्वास थांबत होता. हृदय त्यापायी थकलंय, यापुढे मशीन लावल्याशिवाय झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं. मशीन म्हणजे उशाशी ठेवायचा एक डबा, त्यातून निघालेली नळी आणि नाकावर बसणारा मास्क. डबा सतत हवा ढकलतो आणि घसा मिटू देत नाही. मला पहिल्यांदा त्या अवतारात पाहून यांनी हात जोडले. "बाप्पा, सोंड लावलीत? निजा आता."

रिटायर झाल्यावर यांनी कॅम्पर घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढायची एक खोली. आत पलंग, शेगडी, सिंक आणि अंग चोरून शिरावं लागेल असं बाथरूम. माणसाने आयुष्यभर कष्ट करून घर घ्यावं आणि म्हातारपणी त्यातून निघून डब्यात राहायला जावं, हे मला आधी पटेना. यांचा उत्साह मात्र असा, की रविवारी सकाळी तो ड्राइव्हवेवर उभा असतानाच आत जाऊन पेपर वाचायचे.

अडचण होती माझ्या डब्याची. जंगलात प्लग कुठला? पहिल्याच ट्रिपला सकाळी कॅम्परची बॅटरी ठार झाली. दिवे गेले, हीटर गेला, आणि मी तोंड उघडं टाकून पडलेली. यांनी घरी येऊन आठवडाभर त्यातच डोकं घातलं. मशीनला पाण्याची एक छोटी टाकी असते, ती हवा ओली आणि उबदार करते. तीच बॅटरी खाते, ती आधी बंद केली. नाक कोरडं पडायचं, त्यावर तुपाचं बोट. नळी गार पडू नये म्हणून ती गोधडीच्या आत घ्यायची. मग इन्व्हर्टर काढून टाकला. "बॅटरीची वीज आधी घरच्या विजेसारखी करायची आणि तुझ्या मशीनने ती परत उलटी करायची, मधल्या मधे वाया. काय गरज आहे?" बॅटरीपासून थेट माझ्या उशापर्यंत यांनी स्वतःच्या हाताने वायर ओढली, पलंगाच्या फळीला भोक पाडून सॉकेट बसवला. फक्त माझ्यासाठी. छतावर सोलर लावला, पण आमच्याकडच्या झाडीत आणि ढगात त्याचा उपयोग कपाळावरच्या टिकलीइतकाच.

दाराजवळ एक लाल गोल बटण होतं. ते फिरवलं की बॅटरीपासून सगळंच तुटायचं. हे मला ते दाखवून म्हणाले, "हा मेन. या खेपेला खराखुरा."

तेव्हापासून अनेक वर्षं मी फरच्या झाडांखाली, तळ्याकाठी, डोंगराच्या कुशीत सोंड लावून घोडे विकून झोपले.

मग यांना विसर पडायला लागला. आधी शब्द, मग रस्ते, मग माणसं. नात आली की हसून "हाय" म्हणायचे, कुणाची कोण ते माहीत नसायचं. माझं नाव गेलं, "अगं" तेवढं राहिलं. घरात सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची. दिवेलागणीला हे जोडे घालून दाराशी उभे राहायचे. "चल, घरी जाऊ."

"अहो, हेच आपलं घर."

"हे त्यांचं आहे. बरं दिसत नाही, उशीर झाला. आपल्या घरी जाऊ."

असं झोपेपर्यंत. कधी रडायचे.

कॅम्परमध्ये मात्र हे एकदाही "घरी जाऊ" म्हणाले नाहीत. पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही. मग दुसऱ्या ट्रिपला, तिसऱ्या ट्रिपला मी मुद्दाम वाट पाहिली. संध्याकाळ झाली, मी खिचडी टाकली, हे बाकावर बसून बाहेर बघत होते. जोडे दाराशी तसेच. चमचे कुठे, माचिस कुठे, सगळं यांना हात लांब केला की सापडत होतं. एवढीशी खोली, तिच्यात हरवायला जागाच नव्हती. मी गाडी चालवायला आणि ट्रेलर जोडायला शिकले ते त्यासाठी. सत्तरी उलटलेली बाई, गुडघे असे, आणि मागे डबा ओढत घाट चढते. ती पार्सिपनीची मुलगी बघती तर ओव्हरकोटासकट आडवी झाली असती.

आणि त्या मुलीने शिकवलेलं तेवढं यांच्यात शाबूत राहिलं होतं.

एका सकाळी मला जाग आली तेव्हा डोकं दगड झालं होतं, छातीत धडधडत होतं. मास्क नाकावर, पण हवा नाही. मशीनचा पडदा काळा. मला वाटलं, बॅटरी संपली. बघते तर लाल बटण फिरवलेलं. हे बाकावर बसले होते, प्रसन्न.

"अहो, हे कुणी बंद केलं?"

"मी. सगळं बंद केलं," हे म्हणाले. "मेनही."

मी हसले. खरं सांगते, पहिल्यांदा हसलेच. मग रोज होऊ लागलं. बटणावर चिकटपट्टी लावली, तर यांनी ती नखाने सोडवली आणि नीट घडी करून टेबलावर ठेवली, इंजिनियर माणूस. वेगळी बॅटरी आणून कपाटात कपड्यांखाली लपवली, तर तिचा हिरवा दिवा यांना फटीतून दिसला. मी समजावलं, चिडले, एकदा हातावर मारलंसुद्धा. यांना वाटायचं आपण शहाण्यासारखं वागतोय, तरी ही बाई का ओरडते?

मुलीला मी हे सांगणार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मशीनच्या वापराचा हिशेब त्यांच्याकडे आपोआप जातो, आणि त्यात भोकं पडलेली त्यांना दिसली.

मुलगी आली, स्वयंपाकघरात उभी राहिली. "आई, बी रिअलिस्टिक. तू झोपेत गेलीस तर बाबा तिथे जंगलात तुझ्याशेजारी बसून राहतील. त्यांना कळणारही नाही."

"मग घरीच राहतो आम्ही."

"घरी ते रोज दाराशी रडतात, यू टोल्ड मी. मी एक जागा बघून ठेवलीय. इथून जवळ आहे. अशा लोकांसाठीच आहे."

"मला एक ट्रिप दे," मी म्हणाले. "प्लगवाल्या ठिकाणी जाते. बॅटरीचा प्रश्नच नाही. मला झेपलं तर ती जागा कॅन्सल कर."

तिने गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवली. म्हणजे हो.

त्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक ट्रेलरसाठी विजेचा खांब होता. मी आमचा ट्रेलर खांबाला जोडला. लाल बटण आता फिरवलं काय, न फिरवलं काय, मशीनची वायर मी आतल्या प्लगमध्ये घातली होती आणि प्लगसमोर तांदळाचा डबा. दाराला वरून एक कडी बसवून घेतली होती. स्वतःवर इतकी खूश झाले, की रात्री यांना म्हणाले, "बाप्पा निजतायत हो." हे बघत राहिले.

सकाळी डोकं पुन्हा दगड. मशीन काळं. दार उघडं. कडीचे स्क्रू आतून सोडवून सिंकवर ओळीने ठेवलेले.

मी नाइटीवर स्वेटर घालून बाहेर धावले. ऊन आलं होतं. हे पायमोजे घालून, अनवाणीच म्हणा ना, आमच्या ओळीतल्या शेवटच्या खांबाशी उभे होते. झाकण उघडून आतला स्विच खाली ओढत होते. वाटेतले सगळे खांब झाले होते. एका ट्रेलरमधून एक माणूस कॉफीचा रिकामा मग घेऊन बाहेर आला आणि आमच्याकडे बघत राहिला. मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, त्याच्या आईचंही असंच होतं, काळजी करू नका. त्याने ओरडायला हवं होतं. मग मला भांडता आलं असतं.

खांबांपलीकडे तळं होतं. तिकडे मी बघायचं टाळलं. हे माझ्याकडे वळले, दमलेले, समाधानी.

"झालं बघ," म्हणाले. "केवढं लावून ठेवलं होतं लोकांनी."

मी यांचे मोजे काढले, पाय पुसले, आत बसवून चहा दिला. आणि मुलीला फोन केला. म्हणाले, "ये." का ते तिने विचारलं नाही.

कॅम्पर नागपूरच्या एका जोडप्याने घेतला. त्यातला मुलगा मला काकू म्हणत होता. पलंगाच्या फळीतला सॉकेट बघून त्याने विचारलं, हा कशासाठी, एक्स्ट्रा का? मी म्हणाले, मोबाइल लावायला चांगला आहे.

यांची ती जागा स्वच्छ आहे. माणसं वाईट नाहीत. संध्याकाळी हे तिथेही जोडे शोधतात, पण जोडे तिथल्या लोकांनी काढून ठेवलेत. आणि तिथे खोल्यांमध्ये, व्हरांड्यात, कुठेच बटण नाही. दिवे सगळे ऑफिसातून चालतात, आणि पेशंट पडू नयेत म्हणून कधी मालवत नाहीत. हे भिंतीवरून तळहात फिरवत चालतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग समोरची भिंत.

घरी मी आता सबंध रात्र झोपते. डॉक्टरीणबाई खूश आहेत. सकाळी मशीनच्या पडद्यावर एक हिरवा हसरा चेहरा येतो, त्याला मी शिव्या देते.

काल गेले तेव्हा हे भिंतीशीच होते. मी हात धरला आणि म्हणाले, "चला, बसा जरा. केलं मी सगळं बंद."

हे थांबले. "मेन?"

"मेनही."

यांनी वर बघितलं. डोक्यावर ट्यूबलाइट लखलखत होता. मग माझ्याकडे बघितलं, परक्या माणसाला सांगावं तसं, अगदी अदबीने.

"बाई, चालू आहे तो."

आणि पुन्हा भिंत चाचपायला लागले. मी पर्स खुर्चीवर ठेवली आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.