बेटावरचे रोशनशेठ

सायकलवरनं पार्सलं वाटतो म्हणून हसताय ना? हसा! पण माझी मोटारसायकल आमी सात जणांनी बसून खाल्ली, ती पण काट्या-चमच्यानं, हे माहीत हाय का तुमाला? चहा ओता आधी. सांगतो. एवढा मोठा गाढवपणा आख्ख्या कर्जत-खालापुरात कोणी केला नसंल.

तर ताईच्या लग्नाला वर्ष झालं. ताई दिलीय नेरळला. लग्नाच्या पंगतीतनं उठताना तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, मोठ्यानं बोलले होते, "रस्सा छान होता हो. मटण काय दिसलं नाय, बुडालं वाटतं!" झालं! ते वाक्य बाबांच्या छातीत वर्षभर कुसळासारखं अडकलेलं.

एक दिवस मला बोलले, "रोशन, नेरळकरांना असं जेवू घालायचं, की परत तोंड उघडायची सोय नाय. तुला मोबाईल कळतो. बघ कुठंतरी."

आता आमच्या धरणाच्या पाण्यात मधोमध एक टेकाड हाय. लहानपणी आमी पोहत जाऊन तिथं करवंदं खायचो. फुकट! आता तिथं मुंबईच्या कोणीतरी रिसॉर्ट बांधलंय. टेकाडाचं झालं आयलंड. पाच मिनिटांची बोट, पण मुंबईची माणसं फुलाफुलांचे शर्ट आन् वेताच्या टोप्या घालून अशी उतरतात, जसं काय सात समुद्र ओलांडून आलीत. गावातलं कोणी तिथं जेवलेलं नाय. मी बोललो, बास, इथंच!

"डोई किती घेतात रं?" बाबांनी विचारलं.

"पाचशे," मी ठोकून दिलं. मला काय माहीत? पण आकडा कसा, पटकन सांगितला की खरा वाटतो.

मंग केला फोन. पण साधा फोन करंल तो रोशन कसला? आवाज घोगरा केला आन् बोललो, "हॅलो, रोशनशेठ बात कर रहा हूँ." पलीकडची बाई लगेच "येस सर, येस सर!" आयुष्यात पयल्यांदा मला कोणी सर बोललं वो! शाळेत सरांनी सुद्धा मला नुसतं "ए" बोललंय. मी चढलो. ती बोलली, "सर, एक बार रेट बता दूँ?" मी बोललो, "पैसे की बात मत करो!" ती बोलली, "सर, मेनूमध्ये रेट सगळ्यांना दाखवायचे की फक्त तुम्हाला?" मी गुरगुरलो, "फक्त मला! पाहुण्यांपुढं पैशाचं नाव पण काढायचं नाय!"

लक्षात ठेवा हे वाक्य. ह्याच वाक्यानं मला मारलं.

त्या दिवशी बाबांच्या वरच्या खिशात जेवणाचे चार हजार आन् आतल्या खिशात तीस. ते तीस माझ्या गाडीचे! जेवून तसंच चौक गावाला जायचं आन् गॅरेजवाल्याकडनं गाडी उचलायची. सेकंडहँड, पण लालभडक! पार्सलच्या ऑफिसात मला काम लागलेलं, अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे. दहावीला दोनदा आपटलेल्या पोराला दुसरं काय पाहिजे, सांगा?

आमी तिघं, ताई-दाजी आन् व्याही-विहीण, असे सात जण बोटीतनं उतरलो. काळ्या कोटातला वेटर वाकून बोलला, "वेलकम, रोशनसर!"

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कॉलर सरळ केली.

बसलो. सगळ्यांच्या हातात एकेक जाड कार्ड दिलं. मी माझं उघडलं आन् दर वाचले. सूप, साडेनऊशे. कोळंबी, अठराशे. मटणाची नळी, सव्वीसशे. पाणी, साडेतीनशे! पाणी! ज्या धरणात आमच्या म्हशी बसतात, त्याच्या मधोमध पाणी साडेतीनशे!

बाकीचे मात्र निवांत. व्याही कार्ड उलटंपालटं करून बोलले, "दर काय लिवलेला नाय वो पावणं."

बाबा ऐटीत बोलले, "पाकीट सिस्टीम हाय. डोई ठरलंय. तुमी पोटभर मागवा!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. दर फक्त माझ्या कार्डावर! मीच सांगितलेलं ना?

मी टेबलाखालनं बाबांच्या पायाला पाय लावला. "बाबा, हे सूप साडेनऊशेला हाय. एक वाटी."

"चल! झाली मस्करी सुरू."

"आईशपथ बाबा! हे बघा कार्ड."

बाबांनी माझं कार्ड बघितलं, मंग स्वतःचं बघितलं, मंग आईचं. "सगळ्यांच्या कार्डावर नाय आन् तुझ्याच कार्डावर दर? झेरॉक्सवाल्याकडनं छापून आणलंस काय रं?"

बाबांचं पण चूक नाय. मागच्या वर्षी दहावीचा निकाल मी खरंच छापून आणला होता. त्र्याऐंशी टक्के. बाबांनी आळीभर पेढे वाटले होते.

मी व्याह्यांकडं वळलो. "काका, तुमी तरी ऐका. ही कोळंबी अठराशेला हाय."

व्याही शांतपणे बोलले, "आन् चप्पल कितीला हाय?"

सगळं टेबल हसलं. लग्नात नवऱ्याचे बूट पळवतात ना? मी चुकून, म्हणजे मुद्दाम, व्याह्यांची कोल्हापुरी चप्पल पळवली होती. बिचारे बाथरूमची निळी स्लीपर घालून नेरळला गेले होते.

शेवटचा उपाय. वेटरला बोलावला. "भाऊ, सांगा ह्यांना दर!"

वेटर गोड हसला. माझ्या कानाशी वाकला, पण आवाज सगळ्यांना जाईल एवढा. "सर, तुम्हीच सांगितलं होतं, पाहुण्यांपुढे पैशाचं नाव काढायचं नाही. तुम्ही निश्चिंत जेवा."

"बघ!" बाबा बोलले.

मंग सुरू झालं वो! सूप आलं. एवढ्या मोठ्या ताटलीत मधी एवढासा खड्डा, त्याच्यात तीन चमचे सूप. व्याह्यांनी एका घोटात संपवलं. "चव दाखवायला दिलंय वाटतं. बरं लागतंय. आता खरं आणा!"

"आणा, आणा!" बाबा ओरडले. "परत सात!"

माझ्या डोळ्यांपुढं लाल गाडी उभी होती. पयल्या सुपात हेडलाईट गेली. दुसऱ्या सुपात टाकी. पाण्याच्या बाटल्यांत दोन्ही आरसे गेले. कोळंबी आली, प्लेटमधी चार. चार! दाजींनी सायलेन्सर तोंडात टाकला. ताईनं चेन खाल्ली. विहीणबाई लाजत बोलल्या, "मला बाई बास आता." मी म्हटलं, वाचलो! तर आई मधीच, "असं कसं! घ्या वो, संकोच करू नका!" आन् विहीणबाईंच्या ताटात पुढचा टायर पडला.

"रोशन, तू का खात नाय रं?" आईनं विचारलं.

"भूक नाय."

"सर, टेस्ट आवडली नाही का?" वेटर धावत आला. "दुसरं काही आणू?"

"नको! काही आणू नको! हात जोडतो!"

मटणाची नळी आली, तेव्हा बाबा मुद्दाम पुढं वाकले. "पावणं, दिसतंय ना मटण? की बुडालंय?"

व्याही नळी चोखत बोलले, "दिसतंय, दिसतंय." वर्षाचं कुसळ निघालं! बाबांचं तोंड असं फुललं, की खरं सांगतो, अर्धा मिनिट मला पण बरं वाटलं. मंग आठवलं, ते चोखतायत ते माझं मागचं चाक हाय.

शेवटी गोड आलं. थाळीएवढ्या ताटलीत लिंबाएवढं काहीतरी, वर एक पान. आईनं पान बाजूला काढलं आन् गाडीची सीट एका घासात खाल्ली.

मंग चामड्याच्या पाकिटात बिल आलं. कोणापुढं? रोशनसरांपुढं!

मी हात लावायच्या आत बाबांनी ते ओढलं. व्याह्यांनी दुसऱ्या टोकाला धरलं.

"मी देणार!"

"छ्या! तुमी पावणं, मी देणार!"

"माझ्या गळ्याची आन हाय, सोडा!"

"मेलो तरी सोडणार नाय!"

ह्या झोंबाझोंबीत पाकीट उघडलं. दोघांनी एकदमच वाचलं. चौतीस हजार दोनशे.

पाण्यावर बोटीची फटफट तेवढी ऐकायला येत होती.

मंग व्याह्यांनी हळूच बोटं सोडली. "नाय पावणं, तुमी बोलावलंत. तुमचाच मान."

"तसं काय नाय," बाबा घोगऱ्या आवाजात बोलले, "वयानं तुमी मोठं..."

"वय काय घेऊन बसलात? मान म्हंजे मान!"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. "हे पण तूच छापलंस ना रं?" आयुष्यात पयल्यांदा बाबांची इच्छा होती की मी खोटं केलेलं असावं. मी मान हलवली. नाय.

वरचा खिसा रिकामा झाला. आतला खिसा रिकामा झाला. वरचे दोनशे आईनं बटव्यातनं दिले, एकेक दहाची नोट करून. वेटर वाकून बोलला, "थँक यू, रोशनसर!" बाबा बोलले, "रोशनसर, घरी चला. बघतो."

तरी ठरल्याप्रमाणं चौकला गेलो, कारण एवढं जेवून सगळ्यांना भूक लागलेली! धाब्यावर बसलो. भाकरी आन् पिठलं. पैसे व्याह्यांनी दिले, भांडण न करता. आन् बाबांच्या पाठीवर हात टाकून बोलले, "पावणं, लग्नातला रस्साच बरा होता वो. निदान परत परत वाढत तरी होते!" दोघं एवढे हसले, की डोळ्यात पाणी. मी पण हसलो असतो. पण समोरच गॅरेज होतं, आन् माझी लाल गाडी कोणीतरी दुसरं किक मारून बघत होतं.

पार्सलवाल्या शेठला दया आली. बोलला, गाडी नाय तर सायकलवर ये, जवळजवळची पार्सलं देतो. गेलो. पयल्याच दिवशी पयलं पार्सल हातात दिलं, पत्ता वाचला, तर त्याच बेटावरचा! गेलो तसाच पायडल मारत बोटीच्या धक्क्यावर. घामानं निथळतोय, पाठीवर ही एवढी पिशवी. तर समोर तोच काळा कोट!

त्यानं मला बघितलं. कंबरेत वाकला. "वेलकम बॅक, रोशनसर! आज किती जणांचं टेबल लावू?"

मी सायकल स्टँडला लावली, छाती पुढं काढली आन् फोनवरच्याच घोगऱ्या आवाजात बोललो,

"टेबल नको. ओटीपी सांगा."