सर्व हक्क स्वाधीन

जालन्याच्या आमच्या वाचनालयात आम्ही तिघंच. ग्रंथपाल आधी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. मोत्यासारख्या अक्षराचा एक कारकून, आणि पुस्तकांची देवघेव बघणारा मी. निजामाचं राज्य होतं. त्या वर्षी माझ्या गावच्या, आष्टीच्या मंडळींनी जत्रेत नाटक करायचं ठरवलं, अन् मी बेधडक कबूल करून बसलो की त्या नाटकाची दहा पुस्तकं मी आणतो. पुस्तक बाजारात मिळेना. आमच्याकडे एकच प्रत होती. ती कारकुनानं हातानं उतरवायची आणि शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर अक्षर उमटवून छापतात तिथं, छापून घ्यायची, असा बेत ठरला. मला आनंदानं काही सुचत नव्हतं.

मास्तरांनी आम्हाला पकडलं आणि पहिल्या पानावरची ओळ दाखवली, 'सर्व हक्क स्वाधीन'.

"मंग बराबर हाय की," मी म्हणालो, "पुस्तक आपल्या स्वाधीन, हक्क बी आपल्या स्वाधीन."

"अरे, लिहिणाऱ्याच्या स्वाधीन. त्याला विचारल्याबिगर छापायचं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागायची, खाजगी शाळेला परवानगी लागायची, आता ह्यालाही?

मास्तरांनी वाद घातला नाही. गावच्या बाजारावर पानभर लिहून दे, एवढंच मला म्हणाले. मी जीव ओतून लिहिलं. मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून दाढी करता करता शिंकणारा न्हावी त्यात घातला आणि कागद मास्तरांना दिला. दुसऱ्या दिवशी भरल्या वाचनालयात कारकून उभा राहिला आणि स्वतःचं म्हणून तेच पान वाचू लागला. न्हाव्यापाशी लोक पोट धरून हसले. कुणी त्याची पाठ थोपटली. मी ताडकन उठलो.

"ते माझं हाय! न्हावी बी माझाच हाय!"

कारकून गालात हसत होता. मास्तरांनीच त्याला पढवलं होतं. मी असा काही खजील झालो, पण खरं सांगतो, धडा शिकताना एवढी मजा मला शाळेतसुद्धा कधी आली नव्हती.

त्याच दिवशी नाटककाराला पत्र टाकलं. जत्रा तोंडावर आलेली, आष्टीहून निरोपावर निरोप, अन् मी डाकवाल्याच्या वाटेवर डोळे लावून. शेवटी कार्ड आलं. कारकुनानं ते मोठ्यानं वाचलं:

"खुशाल छापा, नाटकही करा. ते गावोगाव होतं असं कानावर येतं, पण मला विचारणारे तुम्ही पहिलेच. फक्त दहाऐवजी अकरा छापा. माझ्याजवळ एकही प्रत उरलेली नाही."